उघडा खड्डा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही. या दोन कार्यांत माणसाचा पैसा, त्याचा शब्द आणि त्याचा स्वभाव ही तिन्ही एकाच वेळी कसाला लागतात. विवाहाच्या प्रश्नांसाठी ख्रिस्तसभेची न्यायमंडळे आहेत. बांधकामातील तंटे मात्र बहुधा धर्मगुरूच्या ओटीवर येऊन थांबतात. गच्ची गळते, भिंतीला तडा जातो, कुंपण हातभर पुढे सरकते, आणि काल एका बाकावर बसून मिस्सा ऐकणारे दोघे आज वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडू लागतात. तसे दिसले की आम्ही ओळखतो, कोठेतरी एखादे काम अर्धवट राहिले आहे.

अशाच एका अर्धवट कामाची हकिगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोन्ही पक्षांची त्यास संमती आहे. ओळख पटेल असा तपशील मात्र आम्ही वगळला आहे.

वसईच्या किनारपट्टीवरील एका वाडीत राहणारे एक गृहस्थ आखातातील वीस वर्षांची नोकरी आटोपून गावी परतले. घराभोवती नारळ-केळीची जागा होती, समुद्र जवळ होता आणि शनिवार-रविवारी मुंबईकडून येणारी कुटुंबे राहण्यासाठी जागा शोधीत असत. दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढाव्यात, अंगणात लहानसा तरणतलाव बांधावा आणि त्या उत्पन्नातून बँकेचे कर्ज व धाकट्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, असा त्यांचा हिशेब होता. तरणतलाव हा शब्द ऐकताच 'ही श्रीमंतांची हौस' असे म्हणून कित्येकांनी नाक मुरडले. आम्हांला ते पटत नाही. कोणी तलाव बांधतो, कोणी दुकान काढतो. प्रश्न तलावाचा नसून दिलेल्या शब्दाचा आहे.

कंत्राट घेतले ते शेजारच्या धर्मग्रामातील एका पस्तिशीच्या तरुणाने. गवंड्याचा मुलगा, हातात कसब, वागण्यात नम्रता. त्याने घरे बांधली होती, विहिरींचे कठडे बांधले होते, पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या; तरणतलाव मात्र हा पहिलाच. जानेवारी २०२३ मध्ये बोलणी झाली. २५ फूट लांब, १५ फूट रुंद, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट खोल. खर्च १४ लाख रुपये. काम एप्रिलअखेर पुरे. वहीच्या एका पानावर हे चार आकडे लिहिले गेले. त्याखाली ना सही ना साक्षीदार. 'आपल्यातलाच माणूस आहे, कागद कशाला?' असे दोघांनीही म्हटले, आणि दोघांनीही ते मनापासून म्हटले.

पुढचा घटनाक्रम कोणाही घर बांधणाऱ्याच्या ओळखीचा आहे. पाच फूट खणल्यावर खड्ड्यात पाणी पाझरू लागले. आमच्या या पट्टीत त्याचे नवल नाही. बावखले आणि विहिरी यांच्या ओलाव्यावरच येथील बागायत जगत आली. पावसाचे पाणी बावखलात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि विहिरींना गोडवा द्यायचे. मग रहाटाने तेच पाणी केळीला आणि भाजीला मिळायचे. पण बागायतदाराला जे पाणी वरदान, तेच बांधकाम करणाऱ्याला संकट. पंप रात्रंदिवस चालवावा लागला. डिझेलचा खर्च कोणाचा, हे वहीच्या पानावर नव्हते. त्यातच मालकांनी एके दिवशी चहा पिता पिता लांबी २५ ऐवजी ३० फूट करण्यास सांगितले आणि कंत्राटदाराने 'करू या, काका' म्हणून मान हलवली. त्या पाच फुटांची किंमत किती, हे कोणी कोणाला विचारले नाही. मालकांना वाटले, ठरलेल्या रकमेतच होईल. कंत्राटदाराला वाटले, काका समजून घेतील. कितीतरी भांडणे अशी न विचारलेल्या एका प्रश्नातून जन्म घेतात.

एप्रिलच्या अखेरीस तळ आणि भिंती यांचे काँक्रीट झाले होते. वॉटरप्रूफिंग नव्हते, टाइल्स नव्हत्या, पाणी गाळण्याची यंत्रणा नव्हती. तोवर ९ लाख रुपये दिले गेले होते. मालकांनी पुढचा हप्ता रोखला, कंत्राटदाराने माणसे काढून घेतली, आणि जूनमध्ये पाऊस आला.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. ओल्या जमिनीतील रिकामा हौद म्हणजे एक नावच असते. भोवतीच्या पाण्याची पातळी वाढली की ते पाणी हौदाला खालून वर रेटते. हौदात पाण्याचा भार नसेल, तर काँक्रीटचे एवढे मोठे धूड तडकू शकते किंवा उचललेही जाऊ शकते. म्हणून पावसाळ्यात तो उपसून कोरडा ठेवणे धोक्याचे. आणि भरू द्यावा, तर ३० फूट बाय १५ फूट हौदात, सरासरी साडेचार फूट खोली धरता, सुमारे ५७ हजार लिटर पाणी अंगणात उघडे. मालक म्हणत, 'हौद त्याने अर्धा टाकला, त्यानेच येऊन बंदोबस्त करावा.' कंत्राटदार म्हणे, 'जागा काकांची, पैसे काकांनी अडवले. आता तेथे माझे काय?' दोघांच्याही बोलण्यात थोडे सत्य होते. त्या थोड्या सत्याच्या आधाराने दोघेही स्वस्थ बसले.

जुलैतील एका रात्री वाडीच्या टोकाला राहणाऱ्या एका आदिवासी बाईची शेळी त्या हौदात पडली. सकाळी ती मेलेली सापडली. बाई मालकांकडे गेली. त्यांनी तिला कंत्राटदाराकडे पाठवले. कंत्राटदाराने परत मालकांकडे पाठवले. चार दिवसांनी ती आमच्याकडे आली. ती ख्रिस्ती नव्हे, पण दोघेही रविवारी चर्चमध्ये जातात एवढे तिला ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, 'फादर, खड्डा कोणाचा ते मला काय ठाऊक? शेळी माझी होती.'

या वाक्यापूर्वी तीन महिने दोन्ही पक्ष आमच्याकडे येत होते. दर खेपेस हिशेबाचे कागद वाढत, आवाज चढत आणि नात्यागोत्यांतील जुनी दुखणी वर येत. त्या बाईच्या वाक्यात मात्र साऱ्या प्रकरणाचा गाभा होता. दोघेही आपले येणे किती, हे मोजीत होते. आपल्या भांडणापायी तिसऱ्याचे काय जाते, हे कोणीच मोजीत नव्हते.

पवित्र शास्त्र या बाबतीत विलक्षण स्पष्ट आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. कोणी खड्डा उघडला किंवा खणला आणि तो झाकला नाही, आणि त्यात कोणाचा बैल वा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने जनावराच्या मालकाला किंमत भरून द्यावी आणि मेलेले जनावर स्वतःकडे घ्यावे, असा तेथे नियम आहे. खड्डा खणण्यामागचा हेतू चांगला होता की वाईट, खणणाऱ्याला त्याची मजुरी मिळाली होती की नाही, असे काही तो नियम विचारीत नाही. खड्डा उघडा होता, एवढे त्याला पुरे. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी दिलेल्या नियमांत परमेश्वराला गुराढोरांसाठी खड्ड्याच्या झाकणाची आठवण राहिली, हे पाहून आमचे मन थक्क होते. जो देव एवढा बारकाईने पाहतो, त्याच्यासमोर 'झाकण दुसऱ्याने ठेवायचे होते' हे उत्तर कितपत टिकेल?

शेळी हे एक नुकसान. दुसरे नुकसान अधिक मोठे होते आणि ते कोणाच्या बोलण्यातही येत नव्हते. काम थांबले, तेव्हा सात मजुरांची ११ दिवसांची मजुरी राहिली होती. सरासरी ७०० रुपये रोज धरता ५३,९०० रुपये. मजूर परप्रांतीय, ते दुसऱ्या कामावर निघून गेले होते आणि अधूनमधून त्यांच्यातील एकजण दूरध्वनी करून विचारीत असे. कंत्राटदार म्हणे, 'काकांनी दिले की देतो.' आपल्या शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेऊन घर उभारणाऱ्याला यिर्मया संदेष्ट्याने धिक्कारले आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला, तेव्हापासून ख्रिस्तसभा हे सतत सांगत आली आहे. पण कारखान्याच्या मालकाला लागू होणारे वचन आपल्या अंगणातील बांधकामालाही लागू होते, हे आपल्या लक्षात येत नाही.

कंत्राटदाराकडे पैसे का नव्हते, याचाही शोध घेणे भाग होते. त्याने ते खाल्ले नव्हते. बांधकामाच्या धंद्यात एक दुष्टचक्र असते: एका कामाच्या विसारातून मागच्या कामाची उधारी फेडायची आणि पुढच्या कामाच्या विसारातून हे काम पुरे करायचे. साखळीतील एक कडी तुटली की सारीच कामे लोंबकळतात. त्याचे पैसे दुसऱ्या एका कामात अडकले होते. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेतला नाही, तर पाया घातल्यावर काम अडते आणि बघणारे हसतात. हा दाखला आपण नेहमी घर बांधणाऱ्याला ऐकवतो. तो काम घेणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. आपल्या आवाक्याबाहेरचे काम 'होईल' म्हणून पत्करणे हे धाडस नव्हे. ते दुसऱ्याच्या पैशांवर केलेले धाडस आहे.

मालकांच्या मनात न्यायालयात जाण्याचे होते. आम्ही त्यांना अडवले नाही. बंधूने बंधूला न्यायालयात खेचावे, याची संत पौलाला लाज वाटली आणि तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही काय, असा खेद त्याने करिंथकरांकडे व्यक्त केला, हे खरे. पण त्याच पौलाने अन्याय होत असता कैसराकडे दाद मागितली, हेही तितकेच खरे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत, न्यायाला बाध न येता तंटे शक्य तितके टाळावेत आणि उद्भवलेले तंटे लवकर व शांततेने मिटवावेत, असे सर्व श्रद्धावंतांना सांगितले आहे. 'न्यायाला बाध न येता' ही अट महत्त्वाची. क्षमा कर म्हणून ज्याचे गेले त्यालाच गप्प बसवणे, याला समेट म्हणत नाहीत.

देशाचा कायदाही अशा माणसाच्या पाठीशी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच ठरतो. अडचण येते ती पुराव्याची. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली गृहबांधणीचा सेवेत समावेश झाला. आज त्याच्या जागी २०१९ चा कायदा लागू आहे, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. लोकअदालतीत न्यायशुल्क नसते आणि तेथील तडजोड अंतिम असते. परंतु याच करार कायद्याच्या ७३ व्या कलमात एक गोष्ट सांगितली आहे, ती आम्ही मालकांना दाखवली. नुकसानभरपाई ठरवताना, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती ते आवरण्याचे कोणते उपाय होते, हेही विचारात घ्यावे लागते. म्हणजे करार मोडणारा दोषी असला, तरी दुसऱ्याने हात बांधून खड्ड्याकडे पाहत बसावे, असे कायदाही म्हणत नाही. सिनायचा नियम आणि १८७२ चा कायदा येथे एकमेकांच्या जवळ येतात.

मग आम्ही दोघांना एकत्र बसवले. भावाने आपल्याला वतनाचा वाटा द्यावा म्हणून एकजण प्रभू येशूकडे आला, तेव्हा मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमले, असे प्रभूने विचारले होते. धर्मगुरूने हे उत्तर ध्यानात ठेवावे. दर किती, सळई किती, काँक्रीट किती, हे ठरवणे आमचे काम नव्हे. त्यासाठी दोघांनाही मान्य असलेला एक अभियंता बोलावला. त्याने फूटपट्टी लावून, वाढवलेली लांबी आणि पंपाचा खर्च धरून, झालेल्या कामाची किंमत ८ लाख १० हजार ठरवली. म्हणजे कंत्राटदाराकडून मालकांचे ९० हजार येणे निघाले. मालक समजत होते त्याहून ही रक्कम पुष्कळ कमी होती आणि कंत्राटदार समजत होता की उलट आपलेच येणे आहे. दोघेही निराश झाले. मोजमाप प्रामाणिक असल्याची ती खूण आम्हांला वाटली.

परंतु पैशांच्या आधी आम्ही तीन गोष्टी मागितल्या. पहिली, त्याच आठवड्यात हौदाभोवती बांबूचे भक्कम कुंपण व वर जाळी. पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे. दुसरी, शेळीची किंमत ९ हजार रुपये दोघांनी निम्मी निम्मी भरावी. तिसरी सर्वांत अवघड होती: कंत्राटदाराच्या हाती येणारा पहिला पैसा मजुरांना जावा आणि मालकांनी आपल्या ९० हजारांसाठी तोवर थांबावे. मालक बराच वेळ गप्प होते. कर्जाचा हप्ता त्यांच्या मानेवर होता. मग ते म्हणाले, 'फादर, आखातात माझाही पगार एकदा चार महिने अडला होता.' एवढे बोलून त्यांनी कागदावर सही केली.

मजुरांचे पैसे सप्टेंबर २०२३ मध्ये पोचले. मालकांचे पैसे सहा हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता उशिरा, पण आला. तलाव पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंत्राटदाराने पुरा केला. ते दोघे आज मित्र आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यात भेटले तर ते एकमेकांना नमस्कार करतात. घरी जात नाहीत. काही जखमा भरून आल्या तरी तेथली कातडी ताठर राहते. त्यांच्यातील गोडवा परत आणणे आमच्या हाती नव्हते. न्याय परत आणणे बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती होते आणि ते त्यांनी केले.

या निमित्ताने आपल्या कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यातल्या माणसाशी व्यवहार करताना कागद करणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपण सोडून द्यावी. आपल्या धर्मग्रंथाच्या दोन्ही भागांचे नावच मुळी 'करार' आहे: जुना करार आणि नवा करार. देवाने आपल्या प्रजेशी करार केला, तो नुसता तोंडी ठेवला नाही. दगडी पाट्यांवर लिहून दिला. वधूवर एकमेकांवर जिवापाड प्रेम करतात, तरीही वेदीपुढे दोन साक्षीदार उभे असतात आणि विवाहनोंदवहीत सह्या होतात. त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. मग हौदाच्या लांबीरुंदीवर सही करण्यात कसला अपमान? मापे, मालाचा प्रकार, कामाच्या कोणत्या टप्प्यावर किती पैसे, काही रक्कम काम पुरे होऊन तपासेपर्यंत राखून ठेवायची ती किती, बदल झाल्यास त्याची किंमत आणि दोघांची सही, काम थांबले तर जागेची सुरक्षितता कोणाकडे, मजुरी कोण व केव्हा देणार, मतभेद झाल्यास कोणाचे ऐकायचे, एवढे दोन पानांत मावते. ही दोन पाने लिहिताना जो अर्धा तास अवघडल्यासारखे होते, तो अर्धा तास पुढची कित्येक वर्षे वाचवतो. स्मरणशक्ती ही स्वार्थाच्या बाजूने झुकणारी गोष्ट आहे. कागद तिला सरळ ठेवतो, म्हणून तो शेजारधर्माचाच एक भाग आहे.

आणि कागद असो वा नसो, भांडण झालेच तर दोघांनीही आधी उठून खड्ड्याच्या काठाशी जावे. त्यात पडण्याजोगे कोण आहे ते पाहावे: एखादे मूल, एखादे जनावर, मजुरीची वाट पाहणारा एखादा परगावचा माणूस. त्यांची सोय लावावी, मग खुशाल मोजमाप काढावे, न्याय मागावा, हक्क सांगावा. खड्डा कोणी खणला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत खड्डा उघडा ठेवण्याचा अधिकार देवाने कोणालाच दिलेला नाही.